फक्त ताईनेच वाचावे

७ जानेवारी

धाकटे,

तुझं डोकं आहे की गाळणी? पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलंयस म्हणे, 'खाजगी. फक्त ताईनेच वाचावे.' अगं भवाने, चाळीस वर्षांत तू देश बदललास, घरं बदललीस, फोटोवरून दिसतंय की केसांचा रंगही बदललास. पण आपल्या बहिणीला वाचता येत नाही, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवणं तुला जमलं नाही? तरी मी आज्ञा पाळली. दोन दिवस पाकीट उशाशी ठेवलं. उलटंसुलटं पाहिलं, हुंगलं, कानाला लावलं. काही बोललं नाही ते. तिसऱ्या दिवशी सूनबाईला म्हटलं, फोड बाई, आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं वाच.

आता या घरचा कायदा ऐक. माझ्याकडे आलेला कुठलाही कागद दोन तोंडांनी वाचला जातो. आधी सूनबाई वाचते. मग तोच कागद घेऊन मी खाली शिंप्याच्या दुकानात जाते आणि मास्तर वाचतात. मधल्या वेळात दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. दोन्ही वाचनं जुळली, तर कागद खरा. जायच्या कागदालाही तेच. हे पत्र मी सांगतेय, सूनबाई लिहितेय, आणि पाकीट चिकटवण्याआधी मास्तर मला ते वाचून दाखवतील. ही खोड मला कशी लागली ते पुढे सांगेन. तू जरा मोठी झालीस की. बासष्ट म्हणजे काही वय नाही.

मास्तर म्हणजे ज्यांच्याकडे मी छत्तीस वर्षं काज-बटणं करतेय ते. चष्मा नाकाच्या टोकावर आणि नाक दुसऱ्यांच्या कामात. पण वाचतात स्वच्छ. पदरचं काही घालत नाहीत, गाळत नाहीत.

तुझ्या पत्रात तीनच वाक्यं. 'ताई, ये. हे गेल्यापासून घर फार मोठं झालंय. तिकिटाचं मी बघते.' चाळीस वर्षांच्या अबोल्यानंतर तीन वाक्यं! दोन्ही तोंडांनी तीनच भरली, म्हणून विश्वास ठेवला. तर उत्तर घे. येते! सूनबाई, हे मोठ्या अक्षरात लिही. म्हणतेय, लिहिलंय. अजून मोठं लिही. येते! अडुसष्टाव्या वर्षी मी विमानात बसणार. कालपासून माझ्या हातून एक काज सरळ झालेलं नाही.

आता त्या डब्याचं. सोनेरी झाकण, आत कागदाची झालर, आणि त्या झालरीत काजूची मिठाई, वर पिस्त्याचा चुरा. बये, मला बोलावतेयस की उरकतेयस?

मला काजू चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, खाल्ला तर मी मरते. याला ॲलर्जी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी सूनबाईच्या बहिणीकडे जेवायला गेलो होतो, तिने दाट पांढऱ्या रश्श्यात काजू वाटून घातला होता. दोन घास गेले आणि ओठ पावासारखे फुगले, अंगभर गांधी उठल्या, गळ्याला कोणी दोरी आवळावी तसं झालं. डोळे उघडले तेव्हा दवाखान्यात होते आणि नाकावर मुसकं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि निकाल दिला: काजू आणि त्याचा भाऊबंद पिस्ता, दोघांशी जन्माचं वैर. घे! जन्मभर गरिबीला शिव्या मोजल्या, आणि जिवंत ठेवलं ते तिनेच. आपल्या घरात काजू येणार कुठून?

डबा मास्तरांनी दोन दुपारी संपवला. नंतर हात साबणाने घासून धुतले, तेव्हाच मला शर्ट दिला बटणं लावायला. शहाणा माणूस.

तुझी,
ताई

२८ जानेवारी

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. दोन्ही तोंडांनी सारखंच वाचलं, फक्त एका ओळीवर सूनबाईने घसा खाकरला आणि मास्तरांनी चष्मा पुसला. 'काजूने कधी कोणी मेलंय का, ताई? पुन्हा तेच नाटक नको.'

पुन्हा तेच, म्हणजे तुझ्या लग्नातलं. चला, काहीतरी लक्षात आहे म्हणायचं.

त्याचं नंतर बघू. आधी गंमत ऐक. माझा पासपोर्ट आला! त्यात माझा फोटो असा आहे की मला बघून कोणीही देशात घेणार नाही. आणि मला पेन मिळालं. खरंच! शाळेची पायरी चढले नाही मी, आणि अडुसष्टाव्या वर्षी सरकारमान्य पेन माझ्या हातात, तेही लिहायला नव्हे, मांडीत खुपसायला. आत सुई आणि औषध असतं. ओठ फुगले, श्वास अडकला की टोपण काढायचं, मांडीवर दाबायचं, कपड्यावरून चालतं, आणि दाबून धरायचं. मग पाय वर करून आडवं पडायचं आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच. 'बरं वाटतंय म्हणून चहा करायला उठायचं नाही,' असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावलं. माणूस ओळखला त्यांनी.

खरी पेनं दोन. ती माझ्याजवळच्या पिशवीत राहणार, सामानाच्या पेटीत नाही; पेटी दुसऱ्या गावाला गेली तर मी काय करू? एक खोटं पेन सरावाला दिलंय, बिनसुईचं. मी मास्तरांच्या मांडीवर सराव केला. सुई नाही हे त्यांना माहीत होतं, तरी असे किंचाळले की समोरची पाववाली पळत आली.

आता खरी भानगड. तुझ्याकडे यायचं तर प्रवासाचा विमा हवा. परदेशात दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे इथलं घर विकावं लागतं म्हणे. चिरंजीव फॉर्म भरून घेऊन आले. पायात बूट तसेच.

"आई, इथे अंगठा लाव. गाडी खाली उभी आहे."

"काय लिहिलंय?"

"नाव, वय, पत्ता. अजून काय असणार?"

"वाचून दाखव."

त्याने वाचलं. नाव, वय, पत्ता, जायची तारीख, यायची तारीख. मी म्हटलं, छान. आणि कागद घेऊन जिना उतरायला लागले. मागून हा ओरडतोय, "आई! आता तिथे कशाला? शाई वाळायच्या आत..." मी दुकानात.

मास्तरांनी वाचलं. नाव, वय, पत्ता, तारखा. मग थांबले. "आजी, इथे विचारलंय, पूर्वीचा काही आजार, ॲलर्जी, दवाखान्यात राहणं? आणि पुढे लिहिलंय, 'नाही'."

दुकानात शिलाई मशीन बंद पडली. म्हणजे मास्तरांनी पाय थांबवला. चिरंजीव दारात उभे, बूट पुसतायत असं दाखवत.

"अरे, खरं लिहिलं तर ते चौकशी करतात," तो म्हणाला. "डॉक्टरचे कागद मागतात, वेळ लागतो, कधी नाहीच म्हणतात. मग तुझं जाणं राहिलं. तुझ्यासाठीच केलं ना मी."

मास्तरांनी कागद उलटला. मागे मुंग्यांएवढी अक्षरं असतात, ती त्यांनी भिंग लावून वाचली: माहिती लपवली असेल तर विमा रद्द, कंपनी काही देणं लागत नाही. "म्हणजे," ते म्हणाले, "हा कागद आजी निरोगी असेपर्यंतच चालेल."

मी म्हटलं, "मेल्या, छत्रीला भोक पाडून देतोस आणि वर सांगतोस की पाऊस नसताना वापर!" फॉर्म फाडला. त्याने नवीन आणला. त्यावर 'हो' लिहिलं. हो, काजू. हो, पिस्ता. हो, दवाखान्यात दोन दिवस. मग दोन्ही तोंडांनी वाचून घेऊन अंगठा लावला. आता कंपनी काय म्हणते ते बघायचं. नाही म्हणाली तर मी येत नाही. हे सांगताना माझा आवाज कापला असं सूनबाईने लिहू नये.

(लिहिलं. – सून)

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

धाकटे,

मिळाला! विमा मिळाला! पण कसा ते ऐक, कारण त्यात तुझी एक वस्तू माझ्याकडून सांडली आहे.

कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला. कोवळा आवाज. चिरंजीव पुढे सरसावले, तो म्हणाला, "मला आजींशीच बोलायचंय." मला तो तिथेच आवडला.

"आजी, काजू खाल्ला तर काय होतं?"

"मरते."

"म्हणजे लक्षणं विचारतोय."

"हेच मोठं आहे. बारीक हवी असतील तर सांगते."

सगळं सांगितलं. गांधी, ओठ, दोरी. पेन कुठे ठेवते, कसं मारते. मग तो म्हणाला, "हा त्रास पहिल्यांदा कधी झाला?"

मी म्हणायला गेले, तीन वर्षांपूर्वी.  पण बाहेर पडलं ते हे: "चाळीस वर्षांपूर्वी. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात."

बघ, जे तुला कधी सांगितलं नाही ते एका अनोळखी पोराला फोनवर सांगितलं. आता तुलाही सांगते. सूनबाई, नीट लिही, आणि मधे रडायचं असेल तर कागद बाजूला कर.

तुझं सासर श्रीमंत. मांडवात ताटंच्या ताटं काजूची मिठाई. त्याआधी आयुष्यात मी काजू दोनदा चाखला असेल, तोंड जरा खाजलं होतं. मला वाटलं श्रीमंतांचं खाणं असंच खाजरं असतं. तू मोरपंखी पोशाखात उभी होतीस. मला हेवा वाटला. वाटला, नाकारत नाही. मी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा चोरला. कोणी बघत नाही असं पाहून, रुमालात. आणि तुझा हात त्याच्या हातात देतायत, नेमकी तेव्हा मी आडवी. तोंड भोपळ्याएवढं. कोणी म्हणालं जळली, कोणी म्हणालं अपशकुन, तुझ्या सासूबाई म्हणाल्या नाटकी आहे. लग्न तासभर थांबलं. आणि मला वाटत होतं की ही चोरीची शिक्षा आहे! म्हणून मी तोंड उघडलं नाही. काय सांगणार होते, धाकटीच्या लग्नात ताईने मिठाई चोरली?

आता दोन तोंडांची गोष्ट. महिन्याभराने तुझं पत्र आलं होतं, आठवतं? तुझ्या भावजींनी मला वाचून दाखवलं: 'मी मजेत आहे, नव्या घराला पडदे लावतेय, तुझी आठवण येते.' मी खुशीत उत्तर सांगितलं, पडदे लांब झाले तर कापू नकोस, दुमडून शीव, पुढे उपयोगी पडतात. त्यानंतर तुझं एकही पत्र नाही.

तुझे भावजी गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ते पत्र सापडलं. जुनं पुन्हा ऐकावं म्हणून मी ते मास्तरांना वाचायला दिलं. त्यात पडदे नव्हतेच. त्यात एवढंच होतं: 'ताई, सगळे म्हणतात तू मुद्दाम केलंस. तू फक्त एवढं लिही की मुद्दाम नव्हतं. मी मान्य करीन.'

आणि मी तुला पडद्यांची दुमड शिकवली!

ते वाईट नव्हते गं. आजारातून उठलेल्या बायकोला काय वाचून दाखवायचं, म्हणून त्यांनी मनाने पडदे लावले. माया होती. पण एकाच तोंडाची माया, तपासायला दुसरं कोणी नाही. त्या दिवसापासून कुठलाही कागद मी एका तोंडावर सोडत नाही.

मग अकरा वर्षं गप्प का राहिलीस, असं विचारशील. तुझा पत्ता नव्हता हे खरं, पण अर्धंच. खरं हे की मला काय झालं होतं तेच मला माहीत नव्हतं. 'मुद्दाम नव्हतं' एवढं लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, मग काय होतं? माझ्याकडे शब्द नव्हता. आता आहे. दवाखान्याने दिला, शिक्क्यासकट.

तर चाळीस वर्षं उशिरा तुझ्या पत्राचं उत्तर: मुद्दाम नव्हतं.

विम्याच्या पोराला मी हे सगळं सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "आजी, इतकं खरं मला कोणी सांगत नाही." हप्ता थोडा वाढला, पण ॲलर्जीसकट विमा दिला. दिवसरात्र चालणारा एक फोन नंबर आहे, तो मी पाठ केलाय. अंक मला येतात, मापं घेऊन घेऊन. झोपेत विचार, सांगेन.

तुझी,
ताई

१ मार्च

धाकटे,

तुझं काही नाही. आठवड्यात पत्र पोचतं, मी मोजलंय. पोस्टमनही आता मला जिन्यात बघितलं की लांबूनच मान हलवतो.

असो. तू गप्प, पण मी थोडीच गप्प बसणार?

विमानाच्या कंपनीला कळवलंय. डॉक्टरीणबाईंनी शिक्क्याची चिठ्ठी दिलीय की या बाईच्या पिशवीत सुया आहेत आणि त्या राहू द्याव्यात. विमानातलं जेवण मी शिवणार नाही. डबा माझा मीच नेणार. आणि तुझ्या देशाच्या भाषेत एक कार्ड छापून दिलंय. चिरंजीव म्हणतो, कॉम्प्युटरने भाषांतर केलंय, बिनचूक असतं. मी म्हटलं, कॉम्प्युटर हे एक तोंड झालं. दुसरं कुठंय?

इथे घोडं अडलं. सूनबाईला ती लिपी येत नाही. मास्तरांना येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मलाही नाही. पाववालीने तर कार्ड उलटं धरून वाचल्यासारखं केलं. गल्लीत पहिल्यांदाच सगळे माझ्यासारखे झाले! सूनबाई हिरमुसून म्हणते, "आई, नुसत्या रेघाच दिसतात हो." मी म्हटलं, "ये, बस माझ्या शेजारी. मला जन्मभर असंच दिसतं. यातून वाट कशी काढायची ते मी शिकवते."

खरंच सांगते, धाकटे, परदेशाला तुम्ही वाचणारे घाबरता. तुमची अक्षरं हरवतात ना. माझं काय हरवणार? दुकानाची पाटी मला इथेही वाचता येत नाही. मी वास घेते, विचारते, दोघांना विचारते, आणि जुळलं तर खाते. सारे देश सारखेच.

पण कागद हरवतो, भिजतो. म्हणून मी एक काम केलं. कार्डावरची अक्षरं माझ्या कोटावर शिवून काढली, छातीवर, लाल दोऱ्याने. शाळेच्या गणवेशांवर नावं काढून काढून हात बसलाय. एरवी मास्तर खडूने आखून देतात, मी त्यावर टाके घालते. यावेळी त्यांना हात लावू दिला नाही. ज्यांना ती लिपी येत नाही ते काय आखणार? कार्ड समोर ठेवलं आणि रेघेला रेघ जुळवली. चार दिवस लागले. खाली विम्याचा नंबर, तो मात्र मास्तरांनी खडूने आखला, कोट माझ्या अंगावर असताना. शेजारी एक काजू काढलाय आणि त्यावर फुली. मास्तर म्हणतात, तो काजू नाही, चंद्र वाटतोय. म्हटलं, चंद्राचीही ॲलर्जी आहे समजतील, बिघडलं कुठे?

तो कोट घालून फोटो काढलाय, सोबत पाठवतेय. तुला दोन्ही लिप्या येतात. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात तू एकटीच. तेव्हा धाकटे, माझं दुसरं तोंड तू आहेस. माझ्या छातीवर काय लिहिलंय ते मला वाचून सांग. त्यात खरं असेल ते खरं म्हण.

आता चेष्टा बाजूला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, पेन, विमा, कार्ड सगळं ठीक. पण महिनाभर तुम्ही ज्या स्वयंपाकघरात जेवणार, तिथल्या बाईचा विश्वास नसेल तर जाऊ नका. ती एक दिवस म्हणेल, थोड्याने काय होतंय." मी तुझी बाजू घेतली. पण रात्री मलाच तुझी ती ओळ आठवते. पुन्हा तेच नाटक.

विमान वीस तारखेला. पंधरापर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर मी तिकीट परत करीन. रागाने नाही. मला तुझ्याकडे जेवायचंय, मरायचं नाही.

तुझी,
ताई

१९ मार्च

धाकटे,

हे पत्र तुला माझ्या नंतर पोचेल. तरी सांगतेय, कारण सूनबाई म्हणते, सांगितलं नाहीत तर तुम्ही फुटाल.

चौदा तारखेला दुपारी फोन वाजला. मी दुकानात, तोंडात चार टाचण्या. सूनबाईने जिन्यावरून हाक मारली, "आई, परदेशातून!" मी टाचण्यांसकट धावले. कानाला लावला तर नुसता श्वास. मग एक आवाज, जो मी चाळीस वर्षं ऐकला नव्हता आणि जो जराही बदललेला नव्हता: तुझं हसणं. नाकातून. डुकरासारखं. बाई गं! आईने तुला त्यावरून किती बोलणी दिली होती.

"ताई," तू म्हणालीस, "तू उलटी आहेस."

"ते आपली आई जन्मापासून सांगायची."

"अगं, अक्षरं उलटी शिवलीस! डोकं खाली, पाय वर!"

माझ्या लक्षात आलं. कोट मांडीवर घेऊन बसले होते, गळा माझ्याकडे. चार दिवस रेघेला रेघ जुळवली, आणि डोकं कुठलं नि पाय कुठले ते विचारायचं राहिलं. अक्षरांना डोकं असतं हे मला काय माहीत! आणि सांगणार कोण? सगळेच अडाणी. मास्तरांनी तर 'सुबक' म्हणून दाद दिली होती.

पण मी काही हार मानणारी नव्हे. म्हटलं, "मुद्दामच शिवलंय. मी आडवी पडले की डॉक्टर डोक्याशी उभा राहणार. त्याला वरून सरळच दिसेल."

तू पुन्हा हसलीस. मग म्हणालीस, थांब, वाचते. आणि वाचलंस. मला काजू आणि पिस्त्याची जीवघेणी ॲलर्जी आहे. त्यांचा कण, पीठ, तेल काहीही चालणार नाही. त्रास झाल्यास मांडीत इंजेक्शन द्या आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. 'जीवघेणी' हा शब्द तू दोनदा वाचलास.  

"खरं आहे का?" मी विचारलं.

"खरं आहे," तू म्हणालीस. "ताई, खरं आहे."

मी तिथेच जिन्यावर बसले. पुढचं सगळं चार दिवसांत घाईघाईत झालं, रोज तुझा फोन. तू फळ्या रिकाम्या केल्यास, डबे गरम पाण्याने धुतलेस, मिक्सरचं भांडं नवीन आणलंस, जवळच्या दवाखान्यात जाऊन रस्ता मोजून आलीस, अकरा मिनिटं. आणि मग म्हणालीस, "ते पडदे कुठून काढलेस हे मला चाळीस वर्षं कळलं नाही. मला वाटायचं, इतकी कशी ही निर्लज्ज!" आणि शेवटी हळूच, "तू तो दुसरा तुकडा रुमालात बांधलास ना, ते मी पाहिलं होतं. मीही दोन लपवले होते, पोशाखात."

चोरटे! चाळीस वर्षं मी एकटीने शिक्षा भोगली.

मास्तर विचारतायत, अक्षरं उसवून सरळ करू का. नको म्हटलं. आता ती तशीच राहणार.

तुझी,
ताई

२१ मार्च, मधल्या विमानतळावरून

धाकटे,

अक्षर वेगळं दिसेल. पुढचं विमान सहा तास उशिरा आहे, आणि माझ्या शेजारी आपली भाषा बोलणारी एक नर्स बसली आहे. तिच्याकडे पेन आहे, लिहायचं. हे पत्र पोस्टात पडणार नाही, मी हातात आणून देईन.

मी उडाले! जमीन खाली गेली, घरं बटणांएवढी झाली, मग टाचणीच्या टोकाएवढी. मी मोठ्याने "अगं आई!" म्हटलं आणि पुढचे चार लोक वळले.

तपासणीच्या ठिकाणी एका दांडग्या शिपायाने माझी पेनं बाहेर काढली. मी चिठ्ठी दिली आणि कोट छातीवर ताणून दाखवला. त्याने वाचायला मान अशी वाकडी केली, अशी वाकडी केली, की मला वाटलं हा मला नमस्कारच करतोय. मग हसला आणि पेनं स्वतःच्या हाताने पिशवीत ठेवली.

विमानात बसल्या बसल्या मी समोरचा छोटा टेबल पुसला, हात टेकायच्या जागा पुसल्या, शेजाऱ्याने आपला टेबल पुढे केला तर तोही पुसला. विमानातल्या मुलीला पेन कुठे आहे ते दाखवलं. आणि तासाभराने मागच्या रांगेत कोणीतरी पुडी फाडली. वास आला, धाकटे. काजू. भाजलेला. वासाने काही होत नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण मी पेनांची पिशवी छातीशी धरली. खरं सांगू? रडू आलं. वाटलं, कशाला निघालीस म्हातारे. त्या मुलीने काय सांगितलं कोण जाणे, पण आसपासच्या तीन रांगांनी एकेक करून पुड्या पिशवीत टाकल्या. मागचा बाप्या हात धुऊन आला आणि ओले पंजे मला दाखवले, शाळेतल्या मुलासारखे. अनोळखी माणसं, एक अक्षर न बोलता. मी माझा डबा उघडला, भात आणि उकडलेले बटाटे, आणि इतकं गोड जेवण मी कधी जेवले नाही.

विम्याचा नंबर अजून पाठ आहे. नर्सला म्हणून दाखवला.

ती विचारतेय, पत्र वाचून दाखवू का. वाच म्हटलं. पण दुसरं तोंड इथे कुठून आणू? सूनबाई नाही, मास्तर नाहीत. छत्तीस तासांपूर्वी मी असा कागद हातावेगळा केला नसता. आज करतेय. हे एकाच तोंडाचं पत्र आहे. दुसरं तोंड दारात उभं असेल, डुकरासारखं हसत. तू मला हे वाचून दाखव, मी ऐकेन, आणि जुळलं तर जेवायला बसू.

आता शेवटचं, आणि हे विसरू नकोस; विसरशील, म्हणून लेखी देतेय. त्या सोनेरी झाकणाच्या डब्यासारखा एक डबा उद्याच्या उद्या मास्तरांना पाठव. काजूच पाहिजे, वर पिस्ता, कंजुषी करू नकोस. आमच्या घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर. तुझ्या घरी आणू नकोस, दुकानदारालाच सांग परस्पर बांधायला. आणि वर तुझ्या त्या ठळक अक्षरांत लिही: 'खाजगी. फक्त मास्तरांनीच खावे.' त्यांना वाचता येतं.